रंभाजीतात्यांची अर्धी ओळ

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये पवित्र शास्त्र वाचायला रंभाजीतात्या अमोलिक उभे राहिले, की अख्खी मंडळी गालातल्या गालात हसायला लागायची.

तात्या चष्मा नाकाच्या शेंड्यावर घ्यायचे. घसा असा खाकरायचे की मागच्या बाकावर पेंगणारं पोर दचकून आईला चिकटायचं. आणि मग जखऱ्या संदेष्ट्याचं वचन सुरू. "आनंद कर, सीयोनकन्येऽऽऽ!" यातली 'कन्ये' इतकी लांबायची, की तेवढ्यात बाहेरची श्रीरामपूरची एसटी थांब्यावर येऊन, माणसं उतरवून, पुढं निघून जावी. मग एकेक शब्द पाट्यावर आपटल्यासारखा: "पाहा! तुझा राजा! तुझ्याकडं! येतो आहे!"

आणि धाडकन पुस्तक बंद. "आमेन."

ओळ तिथं संपत नाही. पुढं आहे, की तो राजा लीन आहे आणि गाढवावर बसून येतो आहे. हे रविवारच्या शाळेतल्या शेंबड्या पोरालासुद्धा पाठ. पण तात्यांनी उभ्या जन्मात ते पुढचं कधी वाचलं नाही. एखादा नवा पाळक विचारायला जायचा, "तात्या, वचन पूर्ण वाचलं असतं तर..." तर तात्या उपरणं झटकत म्हणायचे, "येळ झाला, पाळकसायेब. मिरवणूक खोळंबलीया भाईर."

प्रभू येशू यरुशलेमात शिरला त्या दिवसाची ही मिरवणूक खरंच खोळंबलेली असायची, आणि तिच्या तोंडाशी उभी असायची घोडी. रज्जाकभाईंची लग्नाची पांढरीशुभ्र घोडी, चांदनी. कपाळाला कुंच्यासारखा तुरा, गळ्यात घुंगरांचा पट्टा, पाठीवर जरीची झूल. तिच्यावर तात्या चढायचे ते पांढऱ्या अंगरख्यात, लाल शेला घेऊन. प्रभू तेहतीस वर्षांचा आणि तात्या सत्तरीच्या पल्याड, तरी राजा व्हायचे ते तात्याच. दुसऱ्या कुणी त्या घोडीकडं बघितलंसुद्धा नाही. मागं पोरं शिंदीच्या झावळ्या हलवत, बायका "होसान्ना" गात, आणि बँडवाले त्याच चालीत मध्येच नवरदेवाच्या वरातीचा ठेका घुसडत. सवयच ती हाताची.

मिरवणूक पारासमोरून जायची, तेव्हा तात्यांची पाठ आणखी ताठ व्हायची. पारासमोर गोरक्षचं चहाचं हॉटेल. गोरक्ष किटली हातात घेऊनच बाहेर यायचा.

"या या तात्या! औंदा तरी नवरी गावली का न्हाई? का नुस्तंच वऱ्हाड फिरवताय दरसाल?"

पारावरची माणसं खिदळायची. तात्या वरून, घोडीवरून, त्याच्या टकलाकडं बघायचे आणि काही न बोलता पुढं जायचे. बोलायची गरजच नव्हती. घोडीवर बसून त्या पारासमोरून जाणं, हेच त्यांचं बोलणं होतं.

ते बोलणं कुणाला उद्देशून होतं, हे ख्रिस्ती आळीतल्या जुन्या माणसांना माहीत होतं, पण तो विषय कुणी काढायचं नाही.

तात्या सहा वर्षांचे असतील. त्यांच्या बानं, म्हणजे वडलांनी, धाकट्या भावाच्या लग्नात नवरदेवाला घोडीवर बसवलं आणि वरात पारासमोरून नेली. आळीतल्या माणसानं घोडीवर बसून गावातून जायचं नाही, असा तेव्हाचा कायदा. कागदावर नव्हता, पण कागदावरच्यापेक्षा कडक. गावाच्या कारभाऱ्यांनी नवरदेवाला सोडलं आणि घोडी आणणाऱ्या बाला धरलं. तोंडाला काजळी फासली, गळ्यात फाटक्या चपलांचा हार घातला, गाढवावर शेपटीकडं तोंड करून बसवलं, आणि घोडी गेली होती त्याच रस्त्यानं धिंड काढली. पुढं डबा वाजत होता. मागं लहानगा रंभाजी रडत, धुळीत अनवाणी पळत होता.

धिंड आळीच्या वेशीशी सोडून गाव परतलं. बा खाली उतरला. तोंड न धुता, गळ्यातला हार न काढता, तो आधी घरात गेला, बादली घेऊन आला आणि गाढवाच्या पुढ्यात ठेवली. गाढव पाणी पीत राहिलं आणि बा त्याच्या मानेवर हात ठेवून उभा राहिला.

रंभाजीला धिंडीपेक्षा त्या बादलीची लाज जास्त वाटली. बानं दगड उचलायला हवा होता, निदान शिवी तरी हासडायला हवी होती. ते सोडून हा जनावराला पाणी पाजत बसला! पुढं रंभाजी मोठा झाला, साखर कारखान्यात लागला, हातात पैसा आला, तसं त्यानं पहिलं काम केलं ते झावळ्यांच्या रविवारी घोडी आणण्याचं. गाढव हा शब्दसुद्धा त्याच्या घरात कुणी उच्चारायचा नाही. पोरांना शिवी द्यायची झाली तरी राहीबाई "घुबडा" म्हणायच्या.

तर यंदा काय झालं, रज्जाकभाईंचा फोन आला.

"तात्या, आता तुम्हाला काय बोलू, शरम वाटते. चांदनी त्या दिवशी नाय. श्रीरामपुरात कारखान्याच्या डायरेक्टरच्या पोरीचं लगीन. मी पयलेच जबान दिली, नंतर क्यालेंडर बघितलं, तर तुमचा होसान्नाच नेमका!"

शुक्रवारच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या ओट्यावर बैठक बसली. महिला मंडळाच्या सीमाबाई बोलायला लागल्या की त्यांना माईक लागत नाही, आणि दिला तर माईकच दबतो.

"घोडी न्हाई तर न्हाई! ट्रॅक्टर सजवू. वर सिंहासन ठेवू, लायटिंग सोडू. आणि पारापशी जेसीबी हुबा करू, वरनं फुलं उधळायची! आमदाराला उधळत्यात, मंग आपल्या प्रभूला का न्हाई? प्रभू काय आमदारापेक्षा कमी हाय का?"

"जेसीबीचं भाडं कोण देनार, मावशी?" एका पोरानं विचारलं.

"तू गप रं! तुझ्या भावाच्या वाढदिवसाला कोन देतं?"

नवे पाळक योगेश सर तिथंच बसले होते. अहिल्यानगरात शिकून आलेले, या मंडळीत पहिलंच वर्ष. बोलणं इतकं स्वच्छ, की प्रत्येक शब्द धुऊन वाळत घातल्यासारखा. ते म्हणाले, "बंधुभगिनींनो, मला एक सुचवावंसं वाटतं. शास्त्रात तर गाढव आहे. रज्जाकभाईंच्या वीटभट्टीवर गाढवं आहेतच. मग आपण..."

ओट्यावरचा सगळा आवाज विझला. सीमाबाईंचासुद्धा, आणि हे आळीत आजवर घडलेलं नव्हतं. सगळ्यांनी तात्यांकडं पाहिलं आणि लगेच पायाकडं. पाळकसाहेबांना बिचाऱ्यांना कळेना, आपण काय बोललो.

तात्या उठले. "पाळकसायेब," ते म्हणाले, "माझ्या जागी दुसरा राजा बघा." आणि चपला हातात घेऊनच निघून गेले. घालायलासुद्धा थांबले नाहीत.

घरी राहीबाई भाकरी थापत होत्या. तात्या भिंतीला टेकून बसले आणि एकटेच बडबडू लागले.

"गाढवावर म्हनं! उद्या तोंडाला काळं बी फासा म्हनावं. मी काय जिता हाय ते बघाया? बाची इज्जत मी घोडीवर बसवून परत आनली. दरसाल आनली. आन् हा कालचा पोरगा..."

"तुमी आनली," राहीबाई म्हणाल्या. "पर मामंजींनी कवा मागितली हुती?"

चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात या बाईनं हा विषय पहिल्यांदा काढला होता.

"काय म्हनलीस?"

"मामंजी शेवटाला अंथरुनावर हुते, तवा त्यांचं मीच करत हुते. तुमी कारखान्यात. तवा बोलायचे माझ्यापशी. तुमच्याम्होरं कसं बोलनार? तुमी तो शब्दच घरात घेऊ देत नव्हता." राहीबाईंनी तव्यावरची भाकरी उलटवली. "म्हनायचे, 'पोरी, त्या लोकांनी मला उलटं बसवलं, ते एक बरं झालं. सरळ बसलो असतो तर म्होरची थोबाडं बघावी लागली असती. उलटं बसलो म्हनून रस्ताभर माझं पोरगं दिसत ऱ्हायलं. धुळीत पळत हुतं माझ्यामागं. मला वाटायचं, सगळी गेली तरी एक मानूस माझ्या मागनं येतंया.'"

भाकरीचा पापुद्रा फुगला आणि करपायला लागला. राहीबाईंनी तिकडं लक्ष दिलं नाही.

"आनखी एक म्हनायचे. 'त्या जनावराला त्यांनी माझ्यासंगट फिरवलं. उन्हाचं, तहानलेलं. त्याची काय चूक?'"

तात्या उठले. मग हात धुऊन त्यांनी कोनाड्यातलं शास्त्र काढलं. जखऱ्याचं ते पान आपोआप उघडायचं, इतक्या वेळा ते त्यांनी धाडकन मिटलं होतं. त्यांनी बोट ठेवून वाचायला सुरुवात केली आणि 'येतो आहे' या शब्दांनंतर बोट थांबलं नाही. ते पुढं गेलं. राहीबाईंनी पाहिलं, तात्यांचे ओठ हलत होते, पण सीयोनकन्येवाला तो आवाज मात्र कुठंच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळकसाहेब अंगणात दात घासत होते, तर फाटकात तात्या.

"पाळकसायेब, मला एक सांगा. ह्ये जखऱ्यानं कवा लिवलं?"

पाळकसाहेबांनी घाईघाईनं चूळ भरली. "ख्रिस्ताच्या सुमारे पाचशे वर्षं आधी, तात्या."

"पाचशे वर्षं आदी." तात्यांनी ते तोंडात घोळवून पाहिलं. "म्हंजी त्या दिशी प्रभूला घोडा मिळाला न्हाई, म्हनून गाढव, असं न्हाई?"

"नाही, तात्या. त्यानंच दोन शिष्यांना पाठवून ते आणवलं. सोडून आणा म्हणाला."

"म्हंजी ठरवून."

"ठरवून."

"घोड्यावरचा राजा हुता आलं असतं, तरी?"

"आलं असतं. लोकांना तोच हवा होता. रोमच्या सैन्याला हाकलणारा, तलवारवाला. पण संदेष्ट्यांनी सांगितलेला राजा असा नव्हता. नम्र होता. आणि तो तसाच आला."

तात्या फाटकाची कडी धरून उभे होते. "आन् मंग म्होरं शुक्रवारी... त्याला बी अंगरखा घातला, काट्यांचा मुकुट घातला, थुकले, हसले, गावातनं चालवत न्हेला. आमच्या भाषेत सांगायचं, तर धिंडच काडली की त्याची."

योगेश सर धर्मशास्त्राची परीक्षा पहिल्या वर्गात पास झाले होते, पण हे त्यांना कुठल्या पुस्तकात भेटलं नव्हतं. ओट्यावर आपण काय बोलून बसलो होतो, ते त्यांना त्या क्षणी कुणीही न सांगता कळलं.

"म्हंजी त्याला समदं म्हाईत हुतं," तात्या म्हणाले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "पाचशे वर्षं आदीपास्नं म्हाईत हुतं. माझ्या बाला ज्याच्यावर जबरीनं बसवला, त्याच्यावर त्यो आपनहून येऊन बसला. माझ्या बाच्या आदी." त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरली. चर्चबाहेर टोपी काढताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. "आन् मी येडा, दरसाल त्याला तिथनं उठवून घोडीवर बसवत हुतो."

दुपारी तात्या वीटभट्टीवर हजर. रज्जाकभाईंना वाटलं, म्हातारा भांडायला आला.

"तात्या, खुदा की कसम, चांदनी बुक..."

"चांदनी ऱ्हाऊ द्या. गाढव द्या."

रज्जाकभाई आधी हसले, मग तात्यांचं तोंड बघून थांबले. लहानपणी त्यांच्याही घरात ती गोष्ट हळू आवाजात सांगितली गेली होती. "पक्कं?"

"पक्कं. गरीब बघून द्या. लाथाळ नको, कंबर गेलीया माझी."

"हा घ्या, सरदार. इसके जैसा शरीफ अख्ख्या तालुक्यात नाय. फक्त एक वाईट आदत. मधी कुठं थांबला, तर थांबला. हाणा, ओढा, गाणं म्हणा, काय उपयोग नाय. त्याच्या मनात आलं की निघतो."

रविवारी सरदार आला. धुतलेला, पण झूल नाही, तुरा नाही. पाठीवर राहीबाईंची जुनी गोधडी. सीमाबाईंनी तरी एक झेंडूचा हार आणलाच. "राजा हाय तर हार पायजे!" सरदारनं त्यातली दोन फुलं तिथंच खाल्ली.

तात्या बसले, तेव्हा त्यांचे पाय जवळजवळ जमिनीला टेकले. घोडीवरून ते दरसाल छपरं बघायचे, तारांवरचे पक्षी बघायचे, माणसांचे भांग बघायचे. आज पहिल्यांदा माणसं समोरासमोर आली. अरे, ही पोर एवढी मोठी झाली? याच्या डोळ्याला काय झालंय? राहीबाई उजव्या बाजूनं झावळी घेऊन चालत होत्या आणि त्यांचा खांदा तात्यांच्या खांद्याला लागत होता. बँडवाल्यांनी वरातीचा ठेका धरायला बघितलं, पण गाढवाच्या चालीत तो बसेना, म्हणून त्यांनी तो सोडून दिला. नुसता "होसान्ना" राहिला.

पार आला.

आणि सरदार थांबला. नेमका पारासमोर, रस्त्याच्या मधोमध. कान मागं, डोळे अर्धे मिटलेले.

"चल रं सरदार," कुणी म्हणालं. कुणी दोरी ओढली. सीमाबाईंनी त्याच्या कानाशी "हुर्रऽऽ" केलं. सरदार म्हणजे जणू मैलाचा दगड. मागं अख्खी मिरवणूक तुंबली. पारावर हसू फुटलं आणि गोरक्ष किटली घेऊन बाहेर आला. त्याला इतकं आयतं कधीच मिळालं नव्हतं.

"आरारारा! तात्या! औंदा घोडीनं सोडचिठ्ठी दिली का काय? आन् ह्ये काय, वरात हाय का धिंड हाय ही?"

तो शब्द रस्त्यावर पडला. राहीबाईंच्या हातातली झावळी हलायची थांबली. तात्या काय करतील, कुणाला कळेना. उतरतील, शिवी देतील, दगड उचलतील?

तात्यांनी गोरक्षकडं पाहिलं. वरून नाही, समोरून. मग घसा न खाकरता, आवाज न लांबवता, शेजाऱ्याला खुशाली सांगावी तसे ते म्हणाले,

"पाहा, तुझा राजा तुझ्याकडं येतो आहे. तो लीन आहे. गाढवावर बसला आहे."

आणि पुस्तक मिटल्याचा आवाज आला नाही, कारण हातात पुस्तकच नव्हतं.

ओळ पूर्ण झाली. योगेश सरांनी डोळे मिटले. रस्त्यावर नुसतं ऊन होतं, शिंदीच्या पानांची सळसळ होती, आणि मधोमध एक म्हातारा माणूस, पाय जमिनीला टेकलेले. पण क्षणभर तो तिथं एकटा बसलेला आहे असं कुणालाच वाटेना. कितीतरी जुनं काहीतरी चालत चालत या पारापर्यंत येऊन पोचलं होतं आणि आता थांबलं होतं.

गोरक्षला मात्र काही ना काही बोलणं भाग होतं. त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात हॉटेलाच्या ओट्यावरून आवाज आला. त्याची आजी गीताबाई. नव्वदीची, दिवसभर तिथं बसून गवारीच्या शेंगा मोडणारी.

"गोरक्षा. हसू नगंस."

"आगं आजी, मी आपलं..."

"हसू नगंस म्हनलं ना. मी नवी नवरी हुते तवा ह्याचा बा हितनंच न्हेला. तुझ्या पणज्यानं न्हेला. त्यो बी असाच ताठ बसला हुता." म्हातारीनं शेंगांची पाटी बाजूला सारली आणि पदर डोक्यावरून घेतला, जसा सासऱ्यासमोर घेतात तसा. "किटली ठेव खाली. उठून हुबा ऱ्हा."

गोरक्ष उभाच होता. पण त्यानं किटली खाली ठेवली, आणि मग तो जसा उभा राहिला, ते वेगळं होतं. ही गोष्ट त्याला कुणी कधी सांगितलेली नसावी. त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं. पारावरची माणसं एकेक करत उठली. का उठलो, हे त्यातल्या निम्म्यांना सांगता आलं नसतं.

तात्यांनी मान वळवली आणि मागं पाहिलं, त्या दिवशी बानं पाहिलं होतं तसं. मागं धुळीत आळीतली सगळी पोरं उभी होती, झावळ्या धरून.

सरदारच्या मनात आलं तेव्हा तो निघाला.

यंदा वाचन मिरवणुकीनंतर ठेवलं होतं. चर्चच्या दारात माईक तयार होता, पेटी तयार होती. योगेश सर म्हणाले, "तात्या, चला, वचन वाचायला. सगळे थांबलेत."

"आलो, पाळकसायेब," गाढवावरून उतरत तात्या म्हणाले. गुडघे करकरले. शेला अर्धा खांद्यावरून घसरला होता, तो त्यांनी सावरला नाही. "राही, बादली आन गं आदी. मोठी आन. लई तहानलंया ह्ये."

सरदार पाणी पीत राहिला. आत मंडळी थांबली होती, पेटीवाल्यानं दोनदा सूर धरून सोडून दिला, आणि राजाच्या वेशातले रंभाजीतात्या गाढवाच्या मानेवर हात ठेवून, त्याचं पिऊन होईपर्यंत, बाहेर उन्हात उभे राहिले.